अंध बालकांचे व्यवसायशिक्षण : हस्तोद्योग, संगीत आणि लिपी

अंध मुलाला कोणता व्यवसाय शिकवावा, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा किंवा समाजकल्याणाचा मानला जातो. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु या शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास तपासू लागले म्हणजे असे दिसते की, या मुलांना कोणते धंदे खुले झाले आणि कोणते बंद राहिले, याचा निर्णय त्यांच्या दृष्टीच्या अभावाने जितका केला तितकाच लिपीच्या अभावाने केला. ज्या काळात मुलाच्या हाती त्याच्या स्वतःच्या भाषेची लिपी नव्हती, त्या काळात त्याच्या हाती वेत आला. लिपी आली तेव्हा धंद्यांची यादी वाढू लागली. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी लखनौ हे स्थान मध्यवर्ती धरले आहे. त्याला तीन कारणे आहेत. उत्तर भारतातील अंधशिक्षणाच्या प्रमुख संस्था जेथे वाढल्या ते डेहराडून २००० सालापर्यंत ज्या राज्यात होते, त्या राज्याची राजधानी लखनौ होय. अंधांचा परंपरागत व्यवसाय जो संगीत, त्याला विद्यालयाचे रूप देणारे एक महत्त्वाचे केंद्र एका मराठी पंडिताच्या प्रेरणेने येथेच उभे राहिले. आणि एकाच बोलीचे भाषक दोन लिप्यांत विभागले गेल्याचे उदाहरण या शहराइतके ठळक अन्यत्र क्वचितच आढळेल. मुंबई-पुण्याकडील मराठी इतिहास या तिन्ही सूत्रांना समांतर जातो. म्हणून तोही बरोबरीने विचारात घेतला आहे.

१

शाळा निघण्यापूर्वी आपल्या समाजात अंध व्यक्तीला जागा नव्हती असे नाही. परंतु ती जागा ठरलेली होती. भिक्षा, भजन, कथाकीर्तन आणि पाठांतर हे तिचे मार्ग. हिंदी प्रदेशात कोणत्याही अंध माणसाला ‘सूरदास’ म्हणून हाक मारण्याची रीत आहे. एका महाकवीचे विशेषनाम सामान्यनाम व्हावे यात आदर आहेच. पण अंध म्हणजे गाणारा, हे गृहीतही त्यात दडलेले आहे. मराठीत संत एकनाथांच्या भारुडांमध्ये आंधळा हे पात्र येते ते भिक्षेकऱ्याच्या वेषात आणि अज्ञानी जीवाचे रूपक म्हणून. त्याच भाषेने ‘प्रज्ञाचक्षू’ हा शब्दही दिला. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांच्या नावामागे तो शब्द कायमचा जोडला गेला. बालवयातच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने तत्त्वज्ञानावर विपुल ग्रंथरचना केली. परंतु ती सारी लेखनिकांकरवी. वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा मिळाला म्हणून हे ग्रंथ झाले. भिक्षेकरी आणि प्रज्ञाचक्षू या दोन टोकांमध्ये जो सामान्य मुलगा उरतो, त्याच्यासाठी भाषेत वेगळा शब्द नव्हता आणि समाजात वेगळा धंदाही नव्हता.

धंदा शाळेत शिकायचा असतो ही कल्पनाच मुळी अलीकडची. लखनौसारख्या कारागिरांच्या शहरात मूल घरातच धंदा शिकत असे. चिकनकामात कापडावर आधी ठशाने कच्च्या रंगाची नक्षी उमटवतात, त्या रेषांवरून सुईने भरतकाम करतात आणि नंतर कापड धुऊन तो रंग काढून टाकतात. जरदोजीत कापड चौकटीवर ताणून सभोवती बसलेले कारागीर काम करतात आणि लहान मुले त्यांच्या शेजारी बसून हात बसवतात. रेघ पाहणे आणि शेजाऱ्याचा हात पाहणे ही या विद्येची दोन साधने. अशा घरात जन्मलेले अंध मूल दृष्टीबरोबरच घराच्या धंद्यालाही मुकते. पुढे शाळेने त्याला जो उद्योग दिला तो त्याच्या घराचा, आळीचा किंवा जातीचा नव्हता. तो सर्वस्वी संस्थेचा होता. या शिक्षणाच्या गुणदोषांचे मूळ बरेचसे येथे आहे.

२

अंधांच्या शाळेची कल्पना युरोपातून आली आणि ती दोन रूपांत आली. पॅरिसमध्ये व्हॅलेन्टिन आयुई याने १७८४–८५ च्या सुमारास जगातील पहिली अंधशाळा काढली. जत्रेत अंधांना विदूषकी वेष चढवून वाद्ये वाजवायला बसवलेले त्याने १७७१ साली पाहिले होते आणि त्या अपमानाची चीड त्याच्या मनात होती, असे सांगितले जाते. आयुईने आरंभ केला तो पुस्तकापासून. कागदावर उठावाची अक्षरे छापून ती बोटांनी वाचायला शिकवणे हा त्याच्या शाळेचा पाया होता. सूतकताई, विणकाम आणि संगीत त्यासोबत होते. याच शाळेत १८१९ साली लुई ब्रेल (१८०९–१८५२) दाखल झाला आणि १८२९ साली त्याने आपली ठिपक्यांची पद्धत प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर.

दुसरे रूप लिव्हरपूलचे. तेथे १७९१ साली गरीब अंधांसाठी शाळा निघाली. तिच्या प्रवर्तकांपैकी एडवर्ड रश्टन हा कवी होता. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजावर नेत्ररोगाने पीडित झालेल्या गुलामांची शुश्रूषा करताना त्याची स्वतःची दृष्टी गेली होती. कवीच्या प्रेरणेने निघालेली ही शाळा मात्र मुख्यतः कार्यशाळा होती. अंध माणसाने भीक न मागता हाताने काम करून पोट भरावे, हा तिचा उद्देश.

पॅरिसची शाळा पुस्तकापासून निघून धंद्याकडे गेली. लिव्हरपूलची शाळा धंद्यापाशीच थांबली. पॅरिसच्या शाळेतून ऑर्गनवादक, पियानोचे सूर लावणारे आणि शिक्षक बाहेर पडले. स्वतः ब्रेल ऑर्गनवादक होता आणि त्याने आपल्या ठिपक्यांत संगीतलेखनाचीही सोय केली होती. म्हणजे तेथे लिपी आणि व्यवसाय एकाच हातातून निर्माण झाले. भारतात मात्र आपल्या वाट्याला प्रथम आले ते बव्हंशी लिव्हरपूलचे रूप.

३

१८२६ च्या सुमारास राजा कालीशंकर घोषाल यांनी काशीत अंधांसाठी आश्रम काढल्याचा उल्लेख मिळतो. पण तो आश्रय होता, शाळा नव्हे. अंध मुलांच्या नियमित शिक्षणाचा आरंभ १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी स्त्रीने काढलेल्या शाळेपासून धरला जातो. १९०३ साली ही शाळा डेहराडूनजवळ राजपूर येथे आली आणि तिचे नाव झाले ‘नॉर्थ इंडिया इंडस्ट्रियल होम फॉर द ब्लाइंड’. नावातील ‘इंडस्ट्रियल’ आणि ‘होम’ हे दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. संस्था एकाच वेळी उद्योगशाळाही होती आणि घरही. १८९७ साली कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी अंधशाळा सुरू केली.

मराठी प्रदेशात याच सुमारास दोन शाळा निघाल्या. १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. छप्पनच्या दुष्काळाचे ते वर्ष होते आणि मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांत अंध मुलेही होती. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली आणि आज ती अंध मुलींची शाळा आहे. १९०२ साली मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. तिच्या आरंभाशी डॉ. नीलकंठराय छत्रपती यांचे नाव निगडित आहे. वैद्यकीय व्यवसायात असताना दृष्टी गेलेल्या या गृहस्थांनी देशी भाषांसाठी ब्रेल संकेत रचला. भारतीय अंधशिक्षणाच्या आरंभकाळात स्वतः अंध असलेल्या भारतीयाने केलेले हे कार्य विशेष उल्लेखनीय होय. पुण्यात १९३४ साली ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’ निघाली, तिच्याही नावात ‘होम’ आहेच.

या शाळांतून शिकवले जाणारे उद्योग सर्वत्र जवळजवळ सारखेच होते : खुर्च्या वेताने विणणे, टोपल्या, हातमाग, दोर वळणे, चटया, नेवारीच्या पट्ट्यांनी खाटा भरणे, मुलींसाठी सुयांवरचे विणकाम. पुढे खडू आणि मेणबत्त्या यांची भर पडली. यांतील वेतकामाला इतके प्राधान्य का मिळाले, हे समजून घेण्यासारखे आहे. खुर्चीच्या चौकटीला ठरावीक अंतरावर भोके असतात. भिजवून मऊ केलेली वेताची पट्टी प्रथम उभी, मग आडवी आणि शेवटी दोन्ही कर्णांच्या दिशेने ओवत नेली म्हणजे जाळी तयार होते. प्रत्येक पायरी मोजून करता येते, चुकलेला धागा बोटाला तत्काळ कळतो आणि एकदा क्रम पाठ झाला की डोळ्यांची गरज उरत नाही. कच्चा माल स्वस्त होता. गिऱ्हाईकही ठरलेले होते. कचेऱ्या, न्यायालये, रेल्वेची प्रतीक्षालये आणि शाळा यांमधून वेताच्या खुर्च्या हजारोंनी असत आणि त्या वारंवार दुरुस्तीला येत.

आणखी एक कारण असे की, हे काम लिपीवाचून शिकवता येत असे. शिक्षकाने मुलाचा हात धरावा आणि फिरवावा, एवढे पुरे. ज्या शाळेत मराठी किंवा हिंदी ब्रेलची पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या शाळेला असा उद्योग सोयीचा होता. जी थोडी पुस्तके होती ती मुख्यतः धर्मग्रंथांची. अशा रीतीने शाळेचे दोन भाग पडले. एका खोलीत लिपी होती, ती आत्म्याच्या कल्याणासाठी. दुसऱ्या खोलीत वेत होता, तो पोटासाठी. हिशेब, पत्रव्यवहार, मालाची मागणी आणि किंमत ठरवणे ही कामे डोळसांकडे राहिली. मूल कारागीर झाले, पण दुकानदार होऊ शकले नाही.

या संस्थांनी असंख्य मुलांना रस्त्यावरून उचलून आणले आणि स्वाभिमानाने भाकरी मिळवायला शिकवले. त्यांचे हे कार्य थोर आहे. तथापि मुलाला काय आवडते किंवा काय जमते, हा प्रश्न त्या व्यवस्थेत विचारलाच जात नव्हता. दृष्टी नाही म्हणजे वेतकाम, हे समीकरण ‘सूरदास’ या हाकेइतकेच पक्के होऊन बसले.

४

दुसरा मार्ग संगीताचा. या बाबतीत मराठी माणसांनी उत्तर हिंदुस्थानात केलेल्या कार्याकडे अंधशिक्षणाच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे पुत्र. लहानपणी तोंडाजवळ फटाका उडून त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण थांबले. उपचारांसाठी मिरजेला आलेल्या या मुलाने संगीत शिकावे असे ठरले आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेला. दृष्टी बिघडलेल्या मुलासाठी जाणूनबुजून निवडलेल्या व्यवसायशिक्षणाचे हे एकोणिसाव्या शतकातील उत्तम उदाहरण आहे. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून पलुस्करांनी गायनाला शाळा, अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली, आणि गायनशिक्षक हा प्रतिष्ठित पेशा बनवला.

लखनौमध्ये हेच कार्य निराळ्या पद्धतीने झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पुढाकाराने आणि राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली येथे ‘मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक’ स्थापन झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ भूषवले. भातखंड्यांचे ‘हिंदुस्तानी संगीतपद्धती’ आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ हे मूळ मराठी ग्रंथ या शिक्षणाचा आधार झाले. आज ही संस्था भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ आहे. हा दर्जा तिला २०२२ साली मिळाला.

अंध मुलाच्या दृष्टीने या घटनेला दोन बाजू आहेत. घराण्यात जन्म न घेतलेल्यालाही विद्या आणि प्रमाणपत्र मिळू लागले. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मागता येते. देवळाच्या पायरीवरचे गाणे वर्गात येते. अंध संगीतशिक्षक हा विसाव्या शतकातील भारतीय शाळेचा परिचित घटक झाला, त्यामागे या संस्थीकरणाचा मोठा वाटा आहे.

दुसरी बाजू अशी की, जी विद्या आजवर पूर्णतः कानांची होती ती आता कागदावर उतरली. गुरुमुखाने शिकताना अंध आणि डोळस शिष्य समान पातळीवर असत. छापील स्वरलिपी आल्यावर डोळस विद्यार्थ्याला एक साधन अधिक मिळाले. शिवाय भातखंडे स्वरलिपीची रचना पाहावी : मंद्र सप्तकाला अक्षराखाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेतील स्वरांखाली कंस आणि त्याखाली तालाच्या खुणा. हे लेखन वरखाली थरांनी चालते. ब्रेलची ओळ मात्र एकापुढे एक अशीच जाते. तिच्यात प्रत्येक खूण स्वराच्या आधी किंवा नंतर वेगळ्या चिन्हाने द्यावी लागते. युरोपीय संगीतासाठी ही सोय ब्रेलने स्वतः केली होती. आपल्याकडे संगीताची छापील लिपी आधी रूढ झाली आणि तिचे स्पर्शरूप मागाहून शोधावे लागले. म्हणजे कानाच्या व्यवसायातही शेवटी प्रश्न येऊन ठेपला तो लिपीपाशीच.

५

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात, तीन-तीनांच्या दोन उभ्या ओळींत. त्यांच्या जुळणीने त्रेसष्ट चिन्हे होतात. फ्रेंच भाषेसाठी ती पुरेशी होती; पण स्वर, मात्रा, व्यंजने आणि जोडाक्षरे यांनी बनलेल्या भारतीय लिप्यांसाठी ती कशी वाटून द्यावी, यावर एकमत होईना. नोल्स आणि गार्थवेट यांचे ‘ओरिएंटल ब्रेल’, राजपूरच्या परिसरात चालणारे शेरिफ ब्रेल, बंगालमधील शाह ब्रेल, पश्चिम भारतातील नीलकंठराय ब्रेल असे अनेक संकेत एकाच वेळी चालू होते. परिणाम असा झाला की, लखनौकडील मुलाचे पुस्तक मुंबईच्या मुलाला निरुपयोगी. प्रत्येक संकेताचे वाचक मूठभर, म्हणून छपाई परवडत नाही. छपाई नाही म्हणून पुस्तके नाहीत. आणि पुस्तके नाहीत म्हणून पुन्हा वेत. या दुष्टचक्राचा उल्लेख धंद्यांच्या इतिहासात सहसा केला जात नाही.

समान संकेतासाठी भारत सरकारने १९४१ साली समिती नेमली. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयानंतर १९५१ साली ‘भारती ब्रेल’ स्वीकारले गेले. त्याचे तत्त्व सोपे आहे : ध्वनी एक तर चिन्ह एक. मराठी, बंगाली, गुजराती आणि तमिळ या भाषांतील ‘क’ एकाच चिन्हाने लिहिला जातो आणि शक्य तेथे तो रोमन ब्रेलमधील समान ध्वनीच्या चिन्हाशी जुळता ठेवला आहे. स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच चिन्ह आहे. छापील देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढतात. ब्रेलमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत; मराठीला आवश्यक असलेल्या ‘ळ’चीही सोय आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला यात एक विलक्षण गोष्ट दिसेल. सर्व भारतीय भाषांसाठी एक लिपी असावी, ही चळवळ शारदाचरण मित्र यांनी १९०५ साली ‘एकलिपिविस्तार परिषद’ स्थापून सुरू केली. त्याच वर्षी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत लोकमान्य टिळकांनी समान लिपीच्या बाजूने भाषण केले. डोळसांच्या जगात ती चळवळ अस्मितांच्या खडकावर आपटून मागे पडली. बोटांच्या जगात मात्र तिचे सार १९५१ साली प्रत्यक्षात आले. लखनौच्या संदर्भात याचा अर्थ अधिकच ठळक होतो. भारतातील उर्दू ब्रेल मुख्यतः याच संकेतावर आधारलेले आहे आणि तेही डावीकडून उजवीकडेच वाचले जाते. ज्या शहरात नागरी आणि उर्दू या लिप्यांनी एका बोलीच्या भाषकांना दोन दिशांना तोंड करायला लावले, तेथील दोन अंध मुलांची बोटे एकाच दिशेने आणि बहुतांशी त्याच ठिपक्यांवरून फिरतात.

६

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनला ‘सेंट डन्स्टन्स’ वसतिगृह निघाले. त्याचे प्रमुख सर क्लूथा मॅकेन्झी हे पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर अंध झालेले न्यूझीलंडचे सैनिक होते. स्वातंत्र्यानंतर याच पायावर १९५० साली प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र, १९५१ साली मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय आणि १९५९ साली अंध बालकांची आदर्श शाळा सुरू झाली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी प्रौढांची कार्यशाळा, मग छापखाना, मग मुलांची शाळा. सैनिकाने तारुण्यात जे हस्तोद्योग उपजीविकेसाठी शिकले, तेच मुलांच्या अभ्यासक्रमातही राहिले. पण मधल्या पायरीमुळे, म्हणजे मुद्रणालयामुळे, मुलाच्या वाट्याला प्रथमच पाठ्यपुस्तकही आले.

मुंबईत १९५२ साली ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ स्थापन झाली. तिने अंधांना कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम मिळवून देण्यावर भर दिला, आणि दक्षिण गुजरातेत फणसा येथे अंधांना शेती व ग्रामीण उद्योग शिकवणारे केंद्र टाटांच्या साहाय्याने उभारले. ज्या घरातून मूल आले त्या घराच्या धंद्याकडे त्याला परत पाठवण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. १९५९ साली अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय मुंबईतच सुरू झाले. याच काळात टेलिफोन ऑपरेटर हा अंधांचा नवा व्यवसाय रूढ झाला. स्विचबोर्डावर बोट, कान, स्मरणशक्ती आणि शुद्ध वाणी यांचे काम असते. आणि नंबरांची यादी ब्रेलमध्ये असेल तर दुसऱ्याचे साहाय्य लागत नाही. वेतकाम आणि टेलिफोन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिले लिपीवाचून चालते. दुसरे लिपीवाचून अडते.

पुढे दोन्ही व्यवसाय मागे पडले. खुर्च्यांवर वेताऐवजी प्लॅस्टिक आणि फोम आला. थेट डायल करण्याची सोय आणि स्वयंचलित एक्स्चेंज यांनी १९८० नंतर ऑपरेटरची गरज घटवली. परंतु दोघांची गती सारखी झाली नाही. ज्याला केवळ जाळी विणता येत होती, त्याच्याजवळ जाळी गेल्यावर दुसरे साधन उरले नाही. ज्याला वाचता-लिहिता येत होते तो शिक्षक, लिपिक किंवा अनुवादक होण्याचा प्रयत्न करू शकला. प्रत्येक धंद्याला आयुर्मर्यादा असते. मुलाला एकच धंदा शिकवणारी शाळा त्याचे भवितव्य त्या धंद्याच्या आयुष्याशी बांधून टाकते.

कायद्याचा इतिहासही याच दिशेने जातो. १९७७ साली केंद्र शासनाने खालच्या दोन श्रेणींतील पदांत अपंगांसाठी तीन टक्के राखीव जागा ठेवल्या, त्यांतील एक टक्का अंधांसाठी. वरच्या श्रेणींची दारे मात्र बंदच होती. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना नागरी सेवा परीक्षेस बसू द्यावे आणि त्यांनी ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या साहाय्याने उत्तरे लिहावीत, असा निर्णय दिला. ब्रेलमध्ये उत्तर लिहिण्याची मुभा ही लिपीची मान्यता होती आणि तिच्यामागोमाग पेशाची मान्यता आली. १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी या हक्कांना व्यापक रूप दिले. २०१६ च्या कायद्यात राखीव जागांचे प्रमाण चार टक्के झाले.

७

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व नोंदलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख होत्या. त्यांच्या शिक्षणाच्या दृष्टीने २००८ हे वर्ष दोन कारणांनी नोंदवण्याजोगे आहे. लखनौत मोहान मार्गावर आज जे डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विश्वविद्यालय उभे आहे, त्याची स्थापना त्या वर्षी झाली. तेथे निम्म्या जागा अपंग विद्यार्थ्यांसाठी राखीव असून त्यांतील निम्म्या दृष्टिबाधितांसाठी आहेत, आणि डोळस विद्यार्थी त्याच वर्गात बसतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. पाठ्यपुस्तक शाळेसाठी असते. वृत्तपत्र नागरिकासाठी असते. मराठी ब्रेल शाळेच्या भिंतीबाहेर पडल्याची ही खूण होती.

आज संगणक आणि मोबाइल मराठी व हिंदी मजकूर वाचून दाखवतात. त्यामुळे अंध तरुणांना बँका, महाविद्यालये, वकिली आणि संगणकक्षेत्र खुले झाले, ही निःसंशय मोठी प्राप्ती आहे. मात्र त्यासोबत एक नवा युक्तिवाद ऐकू येतो : यंत्र बोलत असता ब्रेल शिकवण्याचा खटाटोप कशाला? भाषेच्या अभ्यासकाने याला उत्तर दिले पाहिजे. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरांची घडण, परिच्छेद आणि विरामचिन्हे ही कानाला पुरती कळत नाहीत. जे मूल आपल्या भाषेतील शब्द कधी बोटांखाली घेत नाही, ते त्या भाषेत विश्वासाने लिहू शकत नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला पुन्हा लेखनिक शोधावा लागतो. गुलाबराव महाराजांना चांगले लेखनिक लाभले. सर्वांना तसे लाभत नाहीत.

हस्तोद्योगांना कमी लेखण्याचे कारण नाही. हाताचे काम हे मुलाच्या बुद्धीचे शिक्षण आहे आणि ज्याला वेतकाम आवडते त्याने ते अवश्य करावे. आक्षेप आहे तो निवडीच्या अभावावर. लिपी आणि उद्योग यांच्यातील भिंत जेव्हा जेव्हा खाली आली, तेव्हा तेव्हा मुलाला निवड करता आली. म्हणून व्यवसायशिक्षणाची पुस्तके मुलाच्या भाषेतील ब्रेलमध्ये आधी तयार व्हावीत आणि कार्यशाळा त्यांच्यासोबत उभ्या राहाव्यात. संगीताच्या वर्गात स्वरलिपीचे स्पर्शरूप गायनासोबत शिकवले जावे, आणि विणकामाच्या वर्गात मालाचा हिशेब मुलांनी स्वतःच्या बोटांनी ठेवावा. भारतीय भाषांच्या विभागांनी या कामात परिभाषा, संपादन आणि मुद्रितशोधन यांचे साहाय्य देणे हे त्यांच्या नित्यकर्तव्यापैकीच एक होय.